इकडचे गडी, तिकडचे गडी



आपल्या नंदुरबार स्थानकावर थांबणारी अहमदाबाद-हावडा गाडी भुसावळ, नागपूर करीत पूर्वेकडे जाते. तिच्या शेवटच्या मुक्कामी उतरावे, हुगळी ओलांडावी आणि थोडे दक्षिणेकडे जावे, म्हणजे कलकत्त्याचे अफाट मैदान लागते. त्या मैदानावर दोन फुटबॉल क्लबांची ठाणी आहेत. तिकडचे लोक त्यांना ‘तंबू’ म्हणतात. एक मोहन बागान, दुसरा ईस्ट बंगाल. एकाचा रंग हिरवा आणि किरमिजी, दुसऱ्याचा लाल आणि सोनेरी. एका तंबूतून दुसऱ्या तंबूत पायी जायला फारसा वेळ लागत नाही. पण ते अंतर ओलांडणाऱ्या खेळाडूवर लोक आजवर फुले तरी उधळत आले आहेत, नाहीतर दगड तरी.

फुटबॉल हा काही आपल्या खानदेशाचा खेळ नव्हे, हे मला ठाऊक आहे. आपल्याकडे कुस्ती, कबड्डी, खो-खो आणि मग क्रिकेट. महाराष्ट्रात फुटबॉलचे खरे वेड पाहायचे तर कोल्हापूरला जावे. तिथे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ असे संघ मैदानात उतरले की पेठाच्या पेठा ओस पडतात. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ काढावेत ही मौज फक्त कोल्हापुरातच पाहावी! मुंबईकरांना कलकत्त्याचे हे दोन क्लब माहीत झाले ते रोव्हर्स कपामुळे. १८९१ साली सुरू झालेली ती जुनी स्पर्धा आता बंद पडली आहे. ईस्ट बंगालने तो कप प्रथम नेला १९४९ साली, मोहन बागानने १९५५ साली, आणि १९७२ साली दोघांनी तो विभागून घेतला. आठशे कोसांवरून आलेले हे दोन संघ कूपरेजवर भिडले की मुंबईतले बंगाली कारकून कचेरीतून लवकर सुटत, हे सांगायला साक्षीदाराची गरज नाही.

मी आज सांगणार आहे त्या खेळाडूंच्या गमतीजमती आहेत, आणि त्या तशाच ऐकाव्यात. मात्र त्या एकापुढे एक मांडल्या की एक गोष्ट ध्यानात येते. या वैराचे इतिहास दोन आहेत. एक प्रेक्षकांचा, दुसरा गड्यांचा. आणि ते एकमेकांशी फारसे जुळत नाहीत.

आधी प्रेक्षकांचा इतिहास पाहू. बंगाली माणसांत दोन कुळ्या मानतात. पश्चिम बंगालचे मूळ रहिवासी ते ‘घोटी’, आणि पद्मेपलीकडून, म्हणजे पूर्व बंगालातून आलेले ते ‘बांगाल’. बांगालाची बोली निराळी, तिला कलकत्त्याचा माणूस हसणार. आपल्यापैकी जे शिक्षणाला पुण्यास गेले आणि ज्यांच्या तोंडून तिथे एखादा अहिराणी शब्द निसटला, त्यांना हे हसणे कसे असते ते समजावून सांगायला नको. मोहन बागान हा घोटींचा क्लब, ईस्ट बंगाल हा बांगालांचा. १९४७ साली फाळणी झाली, घरदार सोडून आलेल्या निर्वासितांनी कलकत्त्याच्या कडेकडेने वसाहती वसवल्या, आणि ज्यांच्यापाशी काहीही उरले नव्हते त्यांना सांगायला निदान एक क्लब उरला. ईस्ट बंगाल जिंकला की त्या वस्त्यांत हिलसा मासा शिजे. मोहन बागान जिंकला की घोटींच्या घरी कोळंबी. बाजारातले भावही म्हणे निकालाप्रमाणे चढत.

आता गड्यांचा इतिहास पाहा.

मोहन बागान क्लब १५ ऑगस्ट १८८९ रोजी स्थापन झाला. २९ जुलै १९११ रोजी या क्लबाने आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या पलटणीला २-१ असे हरवले. बंगालची फाळणी होऊन सहा वर्षे झाली होती, ती रद्द व्हायला अजून काही महिने होते. अकरा जणांपैकी एकट्या सुधीर चटर्जींच्या पायांत बूट. बाकीचे दहा अनवाणी. एक गोल कर्णधार शिवदास भादुडीचा, दुसरा अभिलाष घोषाचा. ज्या नंदुरबारने ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमारासारखा शाळकरी पोर गोळीपुढे उभा राहिलेला पाहिला, त्या गावाला अनवाणी दहा पायांच्या जोड्यांनी पलटणीला हरवल्याचे काय वाटले असेल, ते मी निराळे वर्णन करीत नाही. पण ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, या ‘घोटी’ क्लबाच्या अकरा जणांत पूर्व बंगालातून आलेले गडी होते. त्या वेळी कोणी विचारलेच नाही.

ईस्ट बंगालचा जन्म तर आणखी चमत्कारिक. २८ जुलै १९२० रोजी मोहन बागानची गाठ जोडाबागान नावाच्या क्लबाशी होती. जोडाबागानवाल्यांनी ऐन वेळी शैलेश बसू या आपल्या खेळाडूला संघातून वगळले. क्लबाचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांनी त्याच्यासाठी शब्द टाकला, तो मानला गेला नाही, आणि ते तडक बाहेर पडले. पूर्व बंगालचा म्हणून आपल्या माणसाला डावलले, अशी त्यांची भावना झाली. १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी व त्यांच्या स्नेह्यांनी नवा क्लब काढला, त्याचे नाव ईस्ट बंगाल. म्हणजे पाहा, भांडण जोडाबागानशी झाले आणि वैर मोहन बागानशी जडले! जोडाबागानचे नाव आज फुटबॉलचे जुने दर्दी सोडून कोणाला आठवत नाही. अशा गोष्टी आपल्या भाऊबंदकीतही घडतात. बांध कोणाचा कोरला आणि खटला कोणाशी चालला, याचा मेळ तिसऱ्या पिढीला लागत नाही.

लीगमध्ये हे दोन संघ प्रथम भिडले २८ मे १९२५ रोजी. ईस्ट बंगालच्या नेपाळ चक्रवर्तीने एकमेव गोल केला आणि धाकट्याने थोरल्याला पहिल्याच भेटीत चीत केले. त्या काळी मोहन बागानच्या बचावाची धुरा गोष्ठ पाल यांच्यावर होती. अनवाणी पायांनी बूटवाल्या सोजिरांना अडवणाऱ्या या माणसाला लोक ‘चीनची भिंत’ म्हणत. १९६२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. फुटबॉलपटूला मिळालेली ती पहिलीच. कलकत्त्याच्या मैदानावर त्यांचा पुतळा आहे आणि तिथल्या रस्त्यालाही त्यांचेच नाव आहे. घोटींच्या या भिंतीचा जन्म कुठला? फरीदपूर जिल्ह्यातील भोजेश्वरचा. अस्सल बांगाल!

पुढे मोहन बागानचा दुसरा दैवत म्हणावा असा खेळाडू चुनी गोस्वामी. तोही किशोरगंजचा, म्हणजे आजच्या बांगलादेशातला. १९५४ साली तो मोहन बागानात आला आणि १९६८ साली खेळ सोडीपर्यंत तिथून हलला नाही. ईस्ट बंगालने त्याला वळवण्याचे प्रयत्न केले नसतील असे नाही. पण जन्माने बांगाल असलेला हा गडी घोटींच्या क्लबात एकनिष्ठ राहिला. आपल्या मुंबईकरांना तो आणखी एका कारणाने ठाऊक. फुटबॉलबरोबरच त्याने क्रिकेटची बॅटही धरली. १९६८-६९ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध त्याने ९६ आणि ८४ धावा केल्या, आणि १९७१-७२ साली तर बंगालचा कर्णधार म्हणून पुन्हा मुंबईविरुद्धच अंतिम सामना खेळला. दोन्ही वेळा कप मुंबईतच राहिला, हा भाग वेगळा. दोन खेळांत इतक्या उंचीवर पोचलेला माणूस आपल्या देशात शोधून सापडणे कठीण.

मोहन बागान बांगालांनी घडवला म्हणावे, तर ईस्ट बंगाल कोणी घडवला? १९४९ ते १९५३ या काळात या क्लबाच्या आघाडीला ‘पंचपांडव’ म्हणत: अहमद खान, अप्पाराव, धनराज, व्यंकटेश आणि सालेह. नावे ऐकताच लक्षात आले असेल. एकही बंगाली नाही, पाचही दक्षिणेचे. १९४९ साली त्यांनी लीग, शील्ड आणि रोव्हर्स कप असे तिन्ही मान एका हंगामात मिळवले, आणि १९४९, १९५० व १९५१ अशी तीन वर्षे सलग शील्ड जिंकली. फाळणीने उखडलेल्या बंगाल्यांच्या वस्त्यांत ज्यांच्या विजयावर हिलसा शिजत होता, त्या वीरांना बंगाली बोलीचा, मग ती घोटी असो की बांगाल, गंध कितपत होता कोण जाणे. समोरच्या बाजूला निर्वासित नव्हता काय? होता, पण तो पंजाबचा. जर्नेल सिंग लायलपूरच्या बाजूचा. फाळणीत घर गमावलेला हा तरुण १९५९ साली मोहन बागानात आला आणि गोष्ठ पालांनंतरचा सर्वांत पक्का बचावपटू ठरला. निर्वासितांच्या संघाला अडवायला निर्वासितच उभा!

हे सारे लोक देशाचा सदरा अंगात घालीत, तेव्हा तंबू मागे राहत. ४ सप्टेंबर १९६२ रोजी जाकार्ताला आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवले. कर्णधार चुनी, मोहन बागानचा. त्याच्या जोडीला तुळसीदास बलराम, ईस्ट बंगालचा. मधल्या फळीत फोर्तुनातो फ्रँको, आपला गोव्याचा. आणि जर्नेल सिंगच्या डोक्याला टाके पडलेले असताना प्रशिक्षक रहीमसाहेबांनी त्याला बचावातून काढून आघाडीला घातला, तर त्याने त्या टाके घातलेल्या डोक्यानेच गोल केला. दुसरा गोल पी. के. बॅनर्जींचा.

या पी. के. बॅनर्जींची कथा तर मला सर्वांत गोड वाटते. त्या पिढीतला हा अव्वल खेळाडू कारकिर्दीचा बहुतेक काळ ईस्टर्न रेल्वेच्या संघाकडून खेळला. मोहन बागानचा किंवा ईस्ट बंगालचा सदरा त्याने खेळाडू म्हणून स्वीकारलाच नाही. मोठ्या क्लबांची मक्तेदारी मोडून १९५८ साली त्याच्या रेल्वेने कलकत्ता लीगही जिंकली. पण पुढे प्रशिक्षक म्हणून त्याने दोन्ही तंबूंत राज्य केले. खेळाडूंना बोलून बोलून पेटवायची त्याची हातोटी अशी, की लोक तिला त्याचे टॉनिक म्हणत. १९७२ ते १९७५ तो ईस्ट बंगालात होता, आणि या काळातच घडला तो ३० सप्टेंबर १९७५ चा शील्डचा अंतिम सामना.

त्या दिवशी ईस्ट बंगालने मोहन बागानला ५-० असे धुतले. सुरजित सेनगुप्ता, श्याम थापा, रणजित मुखर्जी, पुन्हा श्याम थापा आणि शुभंकर सान्याल. मोहन बागानच्या गोलात भास्कर गांगुली नावाचा नवखा पोर होता. चार गोल झाल्यावर त्याला बाहेर काढला. मोहन बागानच्या काही खेळाडूंनी ती रात्र गंगेत नावेवर काढली असे सांगतात, कारण किनाऱ्यावर त्यांचे स्वतःचेच चाहते वाट पाहत होते. आणि मोहन बागानच्या एका तरुण चाहत्याने त्या पराभवाच्या दुःखात आपला जीव दिला. मी त्याचे नाव घेत नाही. त्याच्या घरच्यांना त्या दिवसाने काय दिले असेल ते आपण मनातल्या मनात समजावे.

आता पुढे काय झाले ते पाहा. पराभूत गोलरक्षक भास्कर गांगुली लगेच पुढच्या वर्षी गेला कुठे? ईस्ट बंगालात! ज्यांनी चार गोल घातले त्यांचाच दरवाजा तो पुढे वर्षानुवर्षे राखीत बसला, आणि १९८२ च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धेत भारताचा कर्णधार झाला. ज्याने त्याच्यावर दोन गोल घातले तो श्याम थापा, मुंबईच्या मफतलाल संघातूनही खेळलेला हा गुरखा गडी, १९७७ साली मोहन बागानात दाखल झाला आणि १९७८ साली ईस्ट बंगालवर त्याने पाठमोरा, हवेत उलटा होऊन गोल केला. त्या गोलाची आठवण कलकत्त्यात अजून काढतात. आणि पाच गोलांचे शिल्पकार पी. के. बॅनर्जी? तेही १९७६ साली मोहन बागानातच. १९७० पासून सहा वर्षे चाललेली ईस्ट बंगालची लीगमधील सद्दी त्याच वर्षी संपली. २४ जुलै १९७६ च्या सामन्यात पंच शिटी वाजवतात न वाजवतात तोच सतराव्या सेकंदाला हैदराबादच्या महंमद अकबरने गोल ठोकला. हा अकबर आणि त्याचा थोरला भाऊ हबीब दोघेही आदल्या वर्षांत लाल-सोनेरी रंगात खेळून आलेले. २४ सप्टेंबर १९७७ रोजी ईडन गार्डनवर पेलेच्या कॉसमॉस संघाशी मोहन बागानने २-२ अशी बरोबरी केली, तेव्हा मोहन बागानचे दोन्ही गोल हबीब आणि श्याम थापा यांचे. म्हणजे दोघेही जुने ईस्ट बंगालवाले!

मला त्या तरुणाची आठवण इथे पुन्हा होते. ज्या पायांनी त्याचे काळीज फोडले, ते पाय दोन वर्षांत त्याच्याच क्लबाच्या तंबूत पाणी पीत होते. यात श्याम थापाचा यत्किंचितही दोष नाही, हे स्वच्छ सांगितले पाहिजे. खेळ हा त्याचा धंदा होता, चरितार्थ होता; सुगीत आज या मळ्यात आणि उद्या त्या मळ्यात जाणाऱ्या माणसाला आपण फितूर म्हणत नाही. पण प्रेक्षकाला कोणी हे सांगितले नव्हते. त्याच्या मनात तो झेंडा म्हणजे कूळ होते, बोली होती, गेलेले गाव होते.

१६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डनवर याचाच भयंकर प्रत्यय आला. मैदानावर ईस्ट बंगालचा दिलीप पालित आणि मोहन बागानचा बिदेश बसू यांची झोंबी झाली, त्याचे पडसाद गॅलरीत उमटले, चेंगराचेंगरी झाली आणि सोळा माणसे मेली. सामना पाहायला घरातून निघालेली सोळा माणसे. बंगालमध्ये तो दिवस आता फुटबॉलप्रेमींचा दिन म्हणून पाळतात आणि त्या दिवशी रक्तदानाची शिबिरे भरतात.

तरी गड्यांची ये-जा थांबली नाही. उलट तिला नाटकी रंग चढला. त्या काळी हंगामाच्या आरंभी खेळाडूने जातीने हजर राहून सही करावी लागे. तेव्हा सहीच्या आधी दोन्ही क्लबांची माणसे खेळाडूला उचलून कुठेतरी हॉटेलात, ओळखीच्या घरी लपवून ठेवीत, की दुसऱ्याचा हात लागू नये. आपल्याकडे नगरपालिकेच्या अध्यक्षाच्या निवडणुकीआधी सभासदांना सहलीला नेत असत, त्याचा आद्य प्रयोग बहुधा कलकत्त्याच्या मैदानावरच झाला असावा! १९८५ साली कृशानू डे आणि बिकाश पांजी ही जोडगोळी मोहन बागान सोडून ईस्ट बंगालात गेली तेव्हा असाच गदारोळ उठला. कृशानूच्या डाव्या पायात अशी जादू होती की लोक त्याला भारताचा माराडोना म्हणत. १९९२ साली तो परत मोहन बागानात आला. २००३ साली, वयाच्या अवघ्या एक्केचाळिसाव्या वर्षी तो गेला, तेव्हा दोन्ही तंबू हळहळले.

१३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन कपाच्या उपांत्य सामन्याला सॉल्ट लेक स्टेडियममध्ये सुमारे १ लाख ३१ हजार लोक जमले. म्हणजे नंदुरबार शहराची सारी वस्ती आबालवृद्ध आणून बसवावी, एवढी गर्दी. एका बाजूला प्रशिक्षक अमल दत्त, दुसऱ्या बाजूला ईस्ट बंगालात परतलेले पी. के. सिक्कीमच्या भाईचुंग भुतियाने तीन गोल केले आणि ईस्ट बंगालने ४-१ असा सामना जिंकला. हा भुतिया पुढे इंग्लंडात बरी क्लबाकडून खेळून आला आणि २००२ साली उतरला तो मोहन बागानात! मग ईस्ट बंगाल, मग पुन्हा मोहन बागान. २००९ साली २५ ऑक्टोबरला मोहन बागानने ५-३ ने सामना जिंकला, त्यातले चार गोल नायजेरियाच्या एडे चिडीचे. आणि काही वर्षांतच चिडीही ईस्ट बंगालात. शैलेन मन्ना किंवा सुब्रत भट्टाचार्य यांच्यासारखे जन्मभर एकाच तंबूत राहिलेले गडी मोजकेच. मन्ना तर १९४२ ते १९६० मोहन बागानातच होते आणि १९५१ च्या पहिल्या आशियाई स्पर्धेत त्यांच्याच नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक मिळवले.

आता खेळाडू लपवीत नाहीत, वकील नेमतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये अन्वर अली हा बचावपटू मोहन बागानकडून ईस्ट बंगालकडे गेला, तेव्हा करारावरून वाद पेटला आणि प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत पोचले. दोन्हीकडचे चाहते एकमेकांवर तुटून पडले होते. १८ ऑगस्टला ड्युरँड कपात या दोन संघांचा सामना सॉल्ट लेकवर ठरला होता. पण ९ ऑगस्टला कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टर महिलेची अत्याचार करून हत्या झाली होती, शहर खवळले होते, आणि बंदोबस्ताचे कारण सांगून सामना रद्द करण्यात आला. तेव्हा हिरव्या-किरमिजी आणि लाल-सोनेरी सदऱ्यांतले चाहते, त्यांच्या जोडीला महामेडन स्पोर्टिंगचे, बंद स्टेडियमबाहेरच्या रस्त्यावर जमले आणि एका आवाजात त्या मुलीसाठी न्याय मागू लागले. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. एका रंगाच्या पोराने दुसऱ्या रंगाच्या पोराला खांद्यावर घेतल्याची छायाचित्रे दुसऱ्या दिवशी देशभर पोचली. सामना त्या दिवशी झालाच नाही.